कोणत्या लढाईत होते, असं विचारू नका

मा. माजी सैनिक कल्याण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

स. न. वि. वि.

मी चाळीसगाव तालुक्यातला. माझे चुलते, आम्ही त्यांना नाना म्हणतो, 1987 साली भारताच्या शांतिसेनेबरोबर श्रीलंकेत होते. मध्यंतरी एका दाखल्यासाठी त्यांना सरकारी कार्यालयात घेऊन गेलो. टेबलामागच्या तरुणानं विचारलं, "एकाहत्तर की कारगिल?" नानांनी जाफना सांगितलं. तो म्हणाला, "तिथं कधी लढाई झाली?"

त्या पोराला काय बोलणार? त्याला शाळेत कुणी सांगितलंच नसेल.

29 जुलै 1987 ला कोलंबोत राजीव गांधी आणि श्रीलंकेचे राष्ट्राध्यक्ष जयवर्धने यांनी तिथलं तमिळ बंडखोरांबरोबरचं युद्ध थांबवायचा करार केला. आपले जवान उतरले तेव्हा तमिळ लोकांनी हार घातले. ऑक्टोबरात तमिळ वाघांशी, म्हणजे एलटीटीई या बंडखोर संघटनेशी, आपल्या फौजेची लढाई, ऑपरेशन पवन, सुरू झाली. आपल्याकडे जुन्या एसएलआर रायफली, समोर एके-47. नाना त्यातलं एकच सांगतात, तेही अहिराणीत: "सम्दा लुंगीवाला, वळखानं कोणले?" रस्त्यावरच्या मोरीखाली सुरुंग असायचे. आजही मोरी आली की ते मोटरसायकलवरून उतरतात आणि चालत पलीकडे जातात. आम्ही हसायचो. आता हसत नाही.

महार रेजिमेंटच्या 8 व्या बटालियनचे मेजर रामस्वामी परमेश्वरन 25 नोव्हेंबर 1987 ला तिथेच पडले, मरणोत्तर परमवीरचक्र मिळालं. हे तरी काही लोकांना ठाऊक आहे. बाकी जवळपास 1,200 जवान गेले, त्यांची नावं कोलंबोजवळच्या स्मारकावर कोरलेली आहेत. 24 मार्च 1990 ला शेवटची तुकडी परतली. मद्रासच्या स्वागताला तामिळनाडूचे मुख्यमंत्री करुणानिधी गेले नाहीत. त्यांची कारणं त्यांच्यापाशी. पण खालच्या शिपायानं करार केला नव्हता.

माझी मागणी पैशाची नाही. जळगाव, धुळे, नंदुरबारच्या सैनिक कल्याण कार्यालयांनी श्रीलंकेतून आलेल्यांची यादी काढावी आणि त्यांचं बोलणं रेकॉर्ड करावं, अहिराणीत बोलले तर अहिराणीत. एक प्रत बहिणाबाई चौधरी विद्यापीठात ठेवावी. तेव्हाची पोरं आता साठीला टेकली, काही साठीपार गेली.

आणि साहेब, काटछाट नको. 21 ऑक्टोबर 1987 ला जाफन्याच्या दवाखान्यात आपल्या सैनिकांच्या गोळीबारात डॉक्टर, नर्स, पेशंट मेले असं तिथले लोक सांगतात. त्याबद्दल कुणाला बोलायचं असेल तर तेही ऐकून घ्यावं. नुसत्या शौर्यकथा हव्या असतील, तर नाना बोलणार नाहीत. मी ओळखतो त्यांना.

आमच्या तालुक्यातली नावं गोळा करून द्यायला मी तयार आहे. सकाळी दहाच्या आत माणूस पाठवा, नंतर सगळे शेतात असतात.

आपला,
एका माजी सैनिकाचा पुतण्या