पत्र्याच्या आत काय होतं तेही छापा

मा. संपादक,

गेल्या रविवारच्या पुरवणीत मध्ययुगीन युरोपातल्या नाइट लोकांच्या, म्हणजे घोड्यावरून लढणाऱ्या सरदारांच्या चिलखतांवर पानभर लेख आला, सोबत मोठे फोटो पण होते, विषय निवडल्याबद्दल आधी मनापासून आभार, कारण मराठी पेपरमध्ये या विषयाला एवढी जागा क्वचितच मिळते. पण लेख वाचून संपला तरी मुख्य गोष्ट आलीच नाही, म्हणून हे पत्र. सगळं पान चकचकीत पोलादावर खर्च झालंय, छातीचा पत्रा आहे, लोखंडी हातमोजे आहेत, शिरस्त्राण आहे, नक्षीकाम आहे, पण त्या पोलादाच्या आत माणसाच्या अंगावर काय होतं याबद्दल एक ओळ नाही. आणि आतलं वगळलं की मग नाइट म्हणजे डब्यात बंद केलेला माणूस, त्याला घोड्यावर चढवायला क्रेन लागायची, असली वाक्यं आपोआप येतात, तशी ती याही लेखात आलीत.

माझं म्हणणं एवढंच आहे की पत्रा हा फक्त वरचा थर होता, आणि त्याखालचं कापड आणि लोखंडी कड्यांची जाळी नसती तर त्या पत्र्याचा निम्मा उपयोग पण झाला नसता.

आधी साधी गोष्ट बघा. पत्रा वाकत नाही आणि माणूस वाकतो. काख, कोपराची आतली घडी, जांघ, गुडघ्याची मागची बाजू, गळा, इथे घट्ट पत्रा बसवला तर हात वर होणार नाही, घोड्यावर मांड टाकता येणार नाही, मान वळणार नाही. म्हणजे या जागा उघड्या राहणार, आणि समोरचा अनुभवी माणूस नेमका तिथेच खंजीर घालणार. या जागा झाकायचं काम कड्यांच्या जाळीने केलं. एक कडी शेजारच्या चार कड्यांत अडकवलेली, तारेची दोन टोकं चपटी करून एकावर एक आणलेली, त्यात बारीक भोक पाडून छोटासा रिव्हेट ठोकलेला, आणि अशा हजारो कड्या, एकेक करून. आज हौसेखातर बनवतात त्या जाळीत कडी नुसती दाबून बंद केलेली असते, ती जोरात भोसकलं की उघडते, रिव्हेट मारलेली सहजी उघडत नाही, हा फरक फोटोत दिसत नाही पण जीव वाचतो तो त्याच्यावरच.

तरी जाळीलाही मर्यादा आहे. ती धार अडवते, मार अडवत नाही. तलवार जाळीवर बसली तर जाळी तुटणार नाही पण आतलं गळपट्टीचं हाड मोडू शकतं, कारण जाळी मऊ आहे, ती अंगाबरोबर आत दबते. म्हणून जाळीच्या खाली कापड, आणि कापड म्हणजे नुसता सदरा नाही, गोधडीसारखे थरावर थर घालून जवळजवळ टाके मारलेला जाड अंगरखा, ज्याला गॅम्बिसन किंवा अ‍ॅकेटन म्हणायचे. हे कापड म्हणजे गरिबाचा नाइलाज असं कोणाला वाटत असेल तर इंग्लंडच्या दुसऱ्या हेन्रीचा ११८१ चा शस्त्रांचा कायदा बघावा, त्यात कोणी काय बाळगायचं ते ठरवून दिलंय, आणि सामान्य स्वतंत्र नागरिकाने गॅम्बिसन, लोखंडी टोपी आणि भाला ठेवायचा असं स्पष्ट सांगितलंय. म्हणजे राजाच्या हिशोबात जाड अंगरखा हे अधिकृत संरक्षण होतं.

आणि त्याने काय होत होतं याचा साक्षीदार शत्रूच्या बाजूचा आहे, म्हणून मला तो जास्त भरवशाचा वाटतो. ११९१ मध्ये तिसऱ्या क्रुसेडचं, म्हणजे जेरुसलेमसाठीच्या धर्मयुद्धाचं युरोपीय सैन्य पॅलेस्टाइनच्या किनाऱ्याने अर्सूफकडे चाललं होतं तेव्हा सुलतान सलाहुद्दीनच्या सोबत असलेल्या बहाउद्दीन या त्याच्या चरित्रकाराने लिहून ठेवलंय की यांच्या पायदळाच्या अंगावर जाड नमदा आणि जाळीचं चिलखत होतं, आमचे बाण त्यांना काही करत नव्हते, पाठीत एकापासून दहापर्यंत बाण रुतलेले लोक नेहमीच्या चालीने चालत होते. नंतर १२५० मध्ये इजिप्तमधल्या मन्सूराच्या लढाईत फ्रेंच सरदार जॉइनव्हिलला एक शत्रूचा गॅम्बिसन पडलेला सापडला, तो त्याने चक्क ढालीसारखा पुढे धरला, आणि तो स्वतः सांगतो की माझ्या अंगाला पाच ठिकाणी जखमा झाल्या आणि घोड्याला पंधरा ठिकाणी. कापडाच्या ढालीमागचा माणूस पाच जखमांवर सुटला आणि जगून म्हातारपणी हे सगळं सांगायला उरला!

लंडनमध्ये १३२२ साली चिलखत बनवणाऱ्यांसाठी नियम झाले त्यात तर अंगरख्यात भरायचं काय याचीच चर्चा आहे, रेशमी कापडाने मढवलेल्या अ‍ॅकेटनमध्ये काय भरायचं, पांढऱ्या साध्या अ‍ॅकेटनमध्ये जुनं लिनन आणि कापूस चालेल पण आतबाहेरचं कापड नवं हवं, असं. बाहेरून भरजरी आणि आत चिंध्या असा माल विकला जात असणार म्हणूनच हे लिहावं लागलं ना, आणि आतला भराव बघून घ्यायला गिऱ्हाईकाला काही मार्ग नव्हता.

आता पूर्ण पत्र्याच्या काळाकडे येतो, तुमच्या लेखातला काळ तोच आहे. चौदाव्या शतकात नाइट अंगावर एकावर एक चढवत जायचा, खाली अ‍ॅकेटन, वर गुडघ्यापर्यंत येणारा जाळीचा झगा, त्यावर आतून पत्रे ठोकलेलं जाकीट, आणि सगळ्यात वर परत कापड. स्वीडनच्या गॉटलंड बेटावर विस्बीजवळ १३६१ ची लढाई झाली तिथली सामूहिक थडगी विसाव्या शतकात उकरली तेव्हा पत्र्यांची जाकिटं तर मिळालीच पण कवट्यांवर जाळीच्या टोप्या तशाच चिकटलेल्या मिळाल्या. पंधराव्या शतकात पत्रे चांगले बसायला लागले तसा आतला पूर्ण झगा वजनाला जड वाटायला लागला, कारण छातीवर पोलाद असताना त्याखाली जाळी बाळगून फायदा काय, म्हणून मग हुशारीने फक्त जिथे फट आहे तिथेच जाळीचे तुकडे ठेवले. काखेला, कोपराच्या घडीला, कमरेखाली जाळीचा घागरा किंवा चड्डी, गळ्याभोवती जाळीची उभी कॉलर. हे तुकडे आतल्या अंगरख्यालाच शिवलेले असायचे आणि त्या अंगरख्याला आर्मिंग डब्लेट म्हणायचे.

या डब्लेटबद्दल मला सगळ्यात जास्त बोलायचंय. पंधराव्या शतकातलं एक इंग्रजी हस्तलिखित आज न्यूयॉर्कच्या मॉर्गन लायब्ररीत आहे, त्यात पायी लढायला उतरणाऱ्या माणसाला कसं सज्ज करायचं ते पायऱ्या पायऱ्यांनी दिलंय. खाली सदरा घालायचा नाही. फस्टियन नावाच्या जाड कापडाचा डब्लेट, आत साटनचं अस्तर, आणि अस्तराला भरपूर भोकं. काखेला आणि कोपराच्या घडीला जाळीचे तुकडे शिवायचे. पत्रे बांधायच्या नाड्या क्रॉसबोच्या (आडव्या यांत्रिक धनुष्याच्या) दोरीला वापरतात तसल्या बारीक पिळाच्या सुतळीच्या, आणि त्यांना जोडे शिवणारे दोऱ्याला लावतात ते मेण चोळायचं, म्हणजे त्या ताणणारही नाहीत आणि तुटणारही नाहीत. गुडघ्याला पातळ ब्लँकेटच्या पट्ट्या गुंडाळायच्या, नाहीतर पायाचे पत्रे घासून कातडी सोलली जाते. मग पायापासून सुरुवात करून वर वर चढवत जायचं, शिरस्त्राण शेवटी. लिहिणाऱ्याला घाम, घासणं, नाडी सैल पडणं हे सगळं माहीत होतं, हा माणूस नक्की कोणाला तरी तयार करून मैदानात पाठवत असणार.

नाड्यांचा मुद्दा वजनाशी जोडलेला आहे आणि इथेच क्रेनची गोष्ट निकालात निघते. जाळीचा पूर्ण झगा दहा-पंधरा किलोचा, तो सगळा खांद्यावर लोंबतो, म्हणून कमरेला पट्टा आवळून थोडा भार कमरेवर घ्यायचे. पंधराव्या शतकातलं युद्धाचं पूर्ण पोलादी चिलखत साधारण वीस ते पंचवीस किलो, पण हाताचे पत्रे दंडावर डब्लेटला बांधलेले, पायाचे कमरेशी बांधलेले, छातीचे पत्रे कमरेवर टेकलेले, त्यामुळे भार अंगभर वाटला जातो. डब्लेट घट्ट आणि नीट बेतलेला नसेल तर हेच पंचवीस किलो इकडेतिकडे हिंदकळतात आणि माणूस थकतो. फ्रान्सचा मार्शल बुसिको शिरस्त्राण सोडून सगळं चिलखत घालून कोलांटी मारायचा आणि चिलखतातच शिडीच्या खालच्या बाजूने हातांवर वर चढायचा असं त्याच्या चरित्रात लिहिलंय. त्याला क्रेन लागली असेल का हो!

बरं, जाळीशिवाय नुसत्या पत्र्याने सगळं झाकायचं म्हटलं तर काय होतं ते पण बघायला मिळतं. इंग्लंडच्या आठव्या हेन्रीसाठी १५२० साली पायी द्वंद्वयुद्धाचं एक चिलखत बनवायला घेतलं होतं, काख, कोपर, बूड, सगळं एकमेकांवर सरकणाऱ्या पट्ट्यांनी बंद, कुठे फट नाही, आज ते लीड्सच्या रॉयल आर्मरीजमध्ये आहे. कारागिरी अफाट आहे यात वादच नाही पण वजन गेलं चाळीस किलोच्या वर, आणि स्पर्धेचे नियम बदलल्यामुळे ते पूर्ण झालंच नाही. काखेत जाळीचा एक तुकडा शिवून जे भागत होतं त्याच्यासाठी केवढं लोखंड घालावं लागलं!

गळ्याबद्दल एक उदाहरण देतो. १४६१ मध्ये इंग्लंडमधल्या टाउटनच्या लढाईच्या आदल्या दिवशी लॉर्ड क्लिफर्ड या सरदाराने उकाड्यामुळे किंवा दुखत होतं म्हणून गळ्याचं संरक्षण काढलं आणि घशात बाण लागून तो मेला, असं हॉलच्या बखरीत आहे. आणि १४८५ ला बॉसवर्थच्या लढाईत पडलेला इंग्लंडचा राजा तिसरा रिचर्ड, ज्याचा सांगाडा २०१२ साली लेस्टरमध्ये कार पार्कखाली सापडला, त्याच्या हाडांवर मृत्यूच्या वेळच्या अकरा जखमांच्या खुणा दिसल्या, त्यातल्या नऊ कवटीवर. अभ्यासकांचा अंदाज असा की शिरस्त्राण गेलं होतं पण बाकी अंगावरचं चिलखत जागेवर होतं. जखमांचा हिशोब इतका एकतर्फी असेल तर अंगावर जे काही होतं त्याने आपलं काम केलं असं म्हणायला हरकत नाही.

मग लेखात आतलं का येत नाही, तर म्युझियममध्ये ते दिसत नाही म्हणून. पोलाद टिकतं, घासलं की चमकतं, कापडाला कसर लागते, ते कुजतं, फाटलं की चिंध्या होतात. जाळीचे जुने झगे कापून तुकडे वापरले गेले. त्यामुळे काचेमागे उभा असतो तो नुसता वरचा थर, बऱ्याचदा आत लाकडी आकार घालून. पण काही कापडं उरली आहेत आणि त्यांचे फोटो छापता येतील. कँटरबरी कॅथेड्रलमध्ये १३७६ ला वारलेल्या ब्लॅक प्रिन्सचा, म्हणजे इंग्लंडचा राजपुत्र एडवर्डचा, भराव घालून शिवलेला कोट आहे, तो चिलखताच्या वरून घालायचा पण शिवण बघायला उत्तम. आणि फ्रान्समधल्या लिऑनच्या कापड संग्रहालयात १३६४ ला ओरेच्या लढाईत मारल्या गेलेल्या शार्ल द ब्लॉइस या सरदाराचा म्हणून जपलेला पूर्पोआँ, म्हणजे भराव घालून शिवलेला अंगरखा, आहे, तो चिलखताखालचा की नुसता मिरवायचा यावर मतं वेगवेगळी आहेत, पण त्याच्या बाहीचा कट बघा, बाहीचं गोल भोक खांद्यावर न थांबता छातीवर आणि पाठीवर पसरलंय, त्यामुळे हात पूर्ण वर केला तरी अंगातला कोट वर ओढला जात नाही. पुढच्या लेखात पोलादाच्या फोटोशेजारी हा एक फोटो आणि रिव्हेट मारलेल्या जाळीचा एक जवळून घेतलेला फोटो जरूर द्या, आणि जमलं तर शिवणकाम जाणणाऱ्या कोणाकडून त्यावर चार ओळी लिहून घ्या.

आपला,
एक नियमित वाचक