शनिवारच्या फ्लीटसाठी बॅटलशिपवाल्यांना सूचना

ठाणे-ऐरोली-वाशीच्या सर्व सभासदांनो, शनिवारी रात्री ९.३० ला (ईव्ह ऑनलाइन या अंतराळ-जहाजांच्या गेमच्या घड्याळात १६:००) अनडॉक, म्हणजे स्टेशनमधून बाहेर. फिटिंग (जहाजावर लावलेली उपकरणं) आधीच तपासून ठेवा.

मायक्रो जंप ड्राइव्ह (एका झेपेत निसटायचं उपकरण) सगळ्यांनी लावाच. बटण दाबल्यावर १२ सेकंदांनी जहाज नाकासमोर १०० किमी जातं, म्हणून आधी दिशा धरा, मग दाबा. शत्रूचा वार्प डिसरप्टर (वार्प, म्हणजे दूरचा अतिवेगवान प्रवास, रोखणारं उपकरण) लागला तरी ड्राइव्ह चालतो, स्क्रॅम्बलर (त्याचाच जवळून लागणारा, जास्त कडक प्रकार) लागला की बंद. त्यामुळे शत्रूची फ्रिगेट (छोटं, चपळ जहाज) अंगाशी यायच्या आतच निर्णय घ्या. उशीर इथेच होतो.

फ्रिगेट जवळून घिरट्या घालू लागली की मोठ्या तोफांचं ट्रॅकिंग (नेम फिरवण्याचा वेग) पुरत नाही, गोळे वाया जातात. तेव्हा पाच हलके ड्रोन सोडा आणि हेवी न्यूट्रलायझरने तिचा कॅपॅसिटर (जहाजाचा ऊर्जेचा साठा) रिकामा करा. कॅपॅसिटर संपला की तिचा स्क्रॅम्बलरही सुटतो. मायक्रोवार्पड्राइव्ह (वेग वाढवणारं उपकरण) विनाकारण चालू ठेवू नका, सिग्नेचर (शत्रूला जहाज किती मोठं दिसतं ते) फुगते आणि मार जास्त बसतो.

कॅप बूस्टरचे (आपला कॅपॅसिटर भरणाऱ्या उपकरणाचे) ८०० चे चार्ज पुरेसे घ्या.

पावसाचे दिवस आहेत, वीज जाते. राउटर इन्व्हर्टरवर ठेवा, मोबाइलचा हॉटस्पॉट तयार ठेवा. नेट तुटल्यावर जहाज आपोआप वार्प करतं खरं, पण स्क्रॅम्बलर लागलेला असेल तर ते तिथेच उभं राहतं.