तू सोडलेले बॉल

प्रिय सोन्या,

शनिवारी तुझ्या बेसबॉलच्या मॅचनंतर गाडीत बोललो ते मागे घेतो. ‘दोन तास उन्हात बसलो आणि तू एकही बॉल मारला नाहीस!’ तू काही बोलला नाहीस. हेल्मेट मांडीवर धरून घर येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिलास. रात्री तुझी स्कोअरची वही उघडली. चारदा बॅटिंगला आलास, त्यात दोन वॉक, म्हणजे चार बाहेरचे बॉल सोडून फुकट मिळालेला पहिला बेस. दुसऱ्या वॉकनंतर तूच सगळे बेस फिरून होम प्लेटवर, म्हणजे ‘घरी’ आलास, आणि मॅच तुम्ही एका रनने जिंकलात.

खरं तर हे मला तरी कळायला हवं होतं. दादरला आमचे सर ऑफ स्टंपबाहेरचा बॉल सोडला की मान डोलवायचे. जानेवारी २००४ मध्ये सचिनने सिडनीला कव्हर ड्राइव्ह जवळपास बासनात गुंडाळून ठेवला आणि नाबाद २४१ काढल्या. पहाटे उठून बघितलंय मी ते. पण बेसबॉल म्हटलं की डोक्यात एकच: मागे स्टंप नाहीत, मग सोडायचं कशाला? फिरव बॅट! आमच्याकडे वाइड नसेल तर सोडलेल्या बॉलचं काही मिळत नाही. तुमच्याकडे असे चार सोडले की अख्खा बेस मिळतो.

त्याच वर्षी मी बॉस्टनला आलो. १७ ऑक्टोबरच्या रात्री रूममेटने फेनवेची, म्हणजे बॉस्टनच्या रेड सॉक्सच्या मैदानावरची मॅच लावली होती. रेड सॉक्स न्यूयॉर्कच्या यांकीजशी त्या सिरीजमध्ये आधीच तीन मॅच हरलेले, चौथीतही नवव्या इनिंगला ४-३ ने मागे, आणि समोर बॉल टाकायला यांकीजचा मारियानो रिवेरा. रेड सॉक्सचा केव्हिन मिलार वॉक घेऊन पहिल्या बेसवर गेला, तर खोलीतले सगळे उठून उभे! मी आपला चिप्स खात बसलेला. मिलारच्या जागी डेव्ह रॉबर्ट्स धावायला आला, त्याने कुणी फटका मारायच्या आतच धावून दुसरा बेस चोरला, बिल म्युलरच्या फटक्यावर तो घरी आला. बाराव्या इनिंगला ऑर्टिझचा होमरन. पुढे ती सिरीजही जिंकली. इतकी वर्षं मी लोकांना तो होमरनच सांगत आलो.

आता तुझा तिसरा स्ट्राइक, म्हणजे ज्यावर तू बाद झालास तो पट्ट्यातला बॉल. गुडघ्याजवळून गेला, तू बॅट खांद्यावरच ठेवलीस. तिथे मात्र माझं म्हणणं आहे. रेड सॉक्सचा टेड विल्यम्स १९४१ मध्ये .४०६ च्या सरासरीने, म्हणजे वॉक सोडून शंभरात चाळीसेक हिट मारत खेळला आणि वॉक धरून शंभरात पंचावन्न वेळा बेसवर पोचला. आपल्या पट्ट्यातला बॉल येईपर्यंत तो थांबायचा. पण दोन स्ट्राइक झाले की बॅट थोडी वर धरायची, फटका छोटा करायचा, हेही त्याचंच सांगणं. मग काठावरचा बॉल सोडायची चैन परवडत नाही.

रविवारी मैदानावर जाऊ. मी टाकतो, तू बॅट फिरवायची नाही, फक्त ‘बॉल’ की ‘स्ट्राइक’ ते ओरडायचं. माझा खांदा धरला तर आईला सांगू नकोस.

हेल्मेट गाडीतच राहिलंय, मागच्या सीटखाली.

बाबा