पोर्श 944 गाडीच्या फॉग लाइटच्या (धुक्यातल्या दिव्यांच्या) काचांविषयी मित्रास पत्र

लुडविग्सबुर्ग,
9 नोव्हेंबर

प्रिय अविनाश,

सप्रेम नमस्कार.

तू पाठवलेली छायाचित्रे मोठी करून नीट पाहिली. तुझ्या 1986 सालच्या पोर्श 944 चा रंग इतका जपलेला असताना बंपरमधल्या दोन्ही फॉग लाइटच्या काचांची ती अवस्था पाहून मलाही वाईट वाटले. उजवी काच कोपऱ्यात तडकली आहे आणि डावीवर जागोजागी टवके उडाले आहेत. पॉलिश करून भागेल की दुसऱ्या काचा शोधाव्या लागतील, असे तू विचारले आहेस. माझे मत स्पष्ट आहे: त्याच प्रकारच्या जुन्या, मूळ काचांची जोडी शोधावी आणि दोन्ही बाजूंना एकदमच बसवावी.

या गाडीचे हेडलाइट गरजेपुरते वर येतात आणि एरवी झाकणाखाली सुरक्षित असतात, त्यामुळे त्यांच्या काचा चाळीस वर्षांनंतरही पुष्कळदा चांगल्या सापडतात. फॉग लाइटला असा आडोसा नाही. ते रस्त्यापासून हातभर उंचीवर, कायम उघडे असतात आणि पुढच्या गाडीच्या चाकांखालून उडणारी खडी व वाळू त्यांच्यावर सरळ येऊन आदळते. हिवाळ्यात इथे जर्मनीत आणि तुमच्या इंग्लंडमध्येही रस्त्यावर मिठाबरोबर बारीक खडी पसरतात, तिचाही मारा यात मिळतो.

ते टवके फक्त दिसायला वाईट असते, तर मी तुला घाई करायला सांगितले नसते. फॉग लाइटचा झोत रुंद आणि खाली दाबलेला असतो, त्याची वरची कड आडवी कापल्यासारखी असते, आणि त्या कडेच्या वर जितका कमी प्रकाश जाईल तितका तो दिवा उपयोगी. काचेवरचा प्रत्येक टवका मात्र प्रकाश सगळ्या दिशांना उधळतो. त्यातला वर गेलेला भाग धुक्याच्या थेंबांवरून परतून आपल्याच डोळ्यांत येतो आणि समोर पांढरा पडदा उभा राहतो. इथल्या नेकार नदीच्या खोऱ्यात या दिवसांत पहाटे असे दाट धुके असते की रस्त्याच्या कडेची पांढरी रेघ हाच काय तो आधार उरतो, आणि ती रेघ दाखवणे हेच या दिव्याचे काम आहे.

पिवळे बल्ब लावून फरक पडेल का, हाही तुझा प्रश्न होता. धुक्याचे थेंब प्रकाशाच्या तरंगलांबीच्या मानाने खूप मोठे, काही मायक्रोमीटरपासून (मिलिमीटरच्या हजाराव्या भागापासून) त्याच्या दसपटीपर्यंतचे असतात, त्यामुळे ते पिवळा आणि पांढरा प्रकाश जवळपास सारखाच विखुरतात. फ्रान्समध्ये 1993 पर्यंत पिवळे हेडलाइट सक्तीचे होते. ते पाहत वाढलेल्या पिढीला तो रंग डोळ्यांना सुखावतो, आणि तुलाही आवडत असेल तर जरूर लाव. मात्र खराब काचेची भरपाई त्याने होणार नाही.

आता पॉलिशविषयी. दुकानात हेडलाइट चकाकवण्याचे जे संच मिळतात, ते पॉलिकार्बोनेटच्या दिव्यांसाठी असतात. तो प्लास्टिकचा दिवा उन्हातल्या अतिनील किरणांनी पिवळा पडतो, मग त्याचा खराब थर आधी 800 किंवा 1000 नंबरच्या वॉटर पेपरने, नंतर 2000 आणि 3000 ने घासून काढतात, पॉलिश करतात आणि शेवटी अतिनील किरण अडवणारा लॅकर, म्हणजे पारदर्शक लेप, मारतात. हा लॅकर टाळला तर तो दिवा लवकरच पुन्हा पिवळा पडतो. तुझ्या दिव्यांना खरी काच आहे, तिथे यातले काहीही लावू नकोस, कारण वॉटर पेपरने काचेवर नवे ओरखडेच उमटतील. काचेसाठी सेरियम ऑक्साइडची पूड पाण्यात कालवून, नमद्याच्या चकतीने, काच तापू न देता सावकाश फिरवतात. झोताला आकार देणाऱ्या उभ्या रेषा अशा काचांच्या आतल्या बाजूला असतात आणि बाहेरची बाजू गुळगुळीत असते, म्हणून बाहेरून पॉलिश करणे तत्त्वतः शक्य आहे. वायपरसारख्या घासण्याने आलेला बारीक धुरकटपणा त्याने जातो. परंतु जो टवका नखाला लागतो तो जात नाही. तेवढी काच झिजवायला गेलास तर हात दुखेल आणि काच जागोजागी उंचसखल होईल. तुझ्या डाव्या काचेवरचे टवके छायाचित्रातही सावली टाकत आहेत.

म्हणून शोधच घ्यायचा. ऑक्टोबरमध्ये मानहाइमच्या माइमार्क्ट मैदानावर व्हेटेरामा हा जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांचा बाजार भरतो, तिथे मी तुझ्यासाठी ढिगारे उपसत फिरलो. तुझी साधी 944 आहे, आणि 944 टर्बो व नंतर निघालेली 944 एस टू या प्रकारांचे नाक, म्हणजे पुढचा भाग, वेगळे, सलग आणि गोलसर आहे. त्यांचे दिवे तुझ्या बंपरमध्ये बसणार नाहीत. पोर्शच्या भागक्रमांकाचे पहिले तीन अंक मूळ गाडी सांगतात, टर्बोच्या भागांवर 951 असते, हे विक्रेत्याला विचारण्यापूर्वी पाहून घ्यावे. काचेवर वर्तुळात E आणि त्यापुढे मान्यता देणाऱ्या देशाचा अंक असतो, जर्मनीचा 1. त्याजवळ B हे अक्षर असले तर तो युरोपीय नियमांप्रमाणे पुढचा फॉग लाइट. अमेरिकी दिव्यावर मात्र पुढच्या फॉग लाइटला F लिहितात, आणि युरोपीय खुणेत तेच F मागच्या फॉग लाइटचे असते, तेव्हा नुसत्या अक्षरावर जाऊ नये. तू इंग्लंडमध्ये डावीकडून चालवतोस म्हणून जर्मन काच चालेल का, ही तुझी शंका रास्त आहे. हेडलाइटच्या बाबतीत ती खरीच ठरली असती, पण फॉग लाइटचा झोत दोन्ही बाजूंना समान असतो, त्यामुळे इथली काच तिथे बिनदिक्कत चालते.

काच निवडताना मी मागून छोटी विजेरी धरतो, म्हणजे पृष्ठभागावरचा प्रत्येक टवका ठिणगीसारखा चमकून उठतो. अशी तपासून घेतलेली एक जोडी माझ्याकडे आहे: काचा उत्तम, रिफ्लेक्टर (बल्बमागचे चकचकीत आरसे) मात्र गंजलेले, आणि त्यामुळेच विक्रेत्याने स्वस्तात दिली. तुझे रिफ्लेक्टर शाबूत असतील तर हा सौदा फार चांगला जमतो. ते कोरड्या फडक्यानेही पुसू नकोस. त्यावरचा अॅल्युमिनियमचा थर इतका पातळ असतो की एका पुसण्याने तो निघून येतो. फुंकणीने धूळ उडवलीस तरी पुरे. ज्या बाजूची काच तडकली आहे तिथे पाणी शिरले असेल, तो रिफ्लेक्टर आधी बघ. काच चिकटवलेली असेल तर दिवा हलक्या आचेच्या भट्टीत तापवून जुना ब्युटाइल, म्हणजे रबरी चिकटा, मऊ करावा लागतो, आणि परत जोडताना हवेचे बारीक छिद्र बुजू देऊ नये, नाहीतर आत बाष्प धरेल. हॅलोजन बल्बला उघडे बोट लावू नकोस, आणि काच बसल्यावर तिच्यावर दगड झेलणारी पारदर्शक पॉलियुरेथेनची फिल्म जरूर लाव.

मी जोडी पाठवण्यापूर्वी तू दिवे काढून त्यांच्या पाठीवरचे क्रमांक आणि काचेवरची खूण यांचे स्वच्छ छायाचित्र पाठव. दोन्ही जुळले की प्रत्येक काच स्वतंत्र फोममध्ये गुंडाळून पार्सल करीन. सीमाशुल्काच्या कागदावर ‘वापरलेले सुटे भाग’ असे लिहीन. वहिनींना नमस्कार सांग.

तुझा,
श्रीकांत