गळक्या छताचा फोटो आणि वर्तणूक नियम

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सरकारी कर्मचाऱ्यांनी समाजमाध्यमे कशी वापरावीत याबाबत सामान्य प्रशासन विभागाने २८ जुलै २०२५ रोजी काढलेले निर्देश मी पुन्हा पुन्हा वाचले. गोपनीय कागदपत्रे विनापरवानगी टाकू नयेत, वैयक्तिक आणि कार्यालयीन खाती वेगळी ठेवावीत, हे सारे रास्तच आहे. मात्र राज्य किंवा केंद्र सरकारच्या धोरणांवर प्रतिकूल टीका करू नये, ही अट स्थानिक स्वराज्य संस्थांच्या कर्मचाऱ्यांनाही घातली असल्याने जिल्हा परिषदेचा प्राथमिक शिक्षक तिच्या कचाट्यात सापडतो, आणि टीका कोठे सुरू होते व वस्तुस्थितीचे कथन कोठे संपते, हे त्याला कोणीच सांगत नाही.

मी स्वतः अशा शाळांत तीस वर्षे शिकवले. एका पावसाळ्यात तिसरीच्या वर्गाचे छत चार ठिकाणी गळत होते. पोषण आहाराची दोन पातेली आणि दोन बादल्या धारांखाली ठेवून आम्ही मुलांना भिंतीकडे सरकवून बसवले होते. माझ्या सहकारी बाईंनी त्या वर्गाचा फोटो शिक्षकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकला आणि अर्ध्या तासात वरून फोन आला. फोटो काढावा लागला, बाईंना कारणे दाखवा नोटीस मिळाली आणि छत दिवाळीपर्यंत तसेच राहिले. नोटिशीच्या खुलाशाचा मसुदा मीच लिहून दिला होता. फोटो ‘अनवधानाने’ टाकला गेला, असे मी त्यात लिहिले. ते खरे नव्हते, आणि त्याची खंत मला आजही आहे.

कायदा याबाबत इतका कठोर नाही. नोकरीत शिरताना माणूस आपले मूलभूत हक्क दाराबाहेर ठेवून येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने कामेश्वर प्रसाद विरुद्ध बिहार राज्य या खटल्यात १९६२ सालीच स्पष्ट केले आणि निदर्शनांवर सरसकट बंदी घालणारा बिहारचा वर्तणूक नियम, म्हणजे सरकारी कर्मचाऱ्याने कसे वागावे हे ठरवणारा नियम, त्या मर्यादेत रद्द ठरवला. त्याच निकालात संपाचा मूलभूत हक्क मात्र नाकारला गेला. २०२० साली त्रिपुरा उच्च न्यायालयाने फेसबुकवरील मजकुरावरून अडचणीत आलेल्या एका महिला कर्मचाऱ्याला दिलासा देताना, वर्तणूक नियमांच्या मर्यादेत राहून सरकारी कर्मचाऱ्यालाही मत मांडता येते, असे म्हटले.

मर्यादा हव्यातच, आणि त्या मला मनापासून मान्य आहेत. सरकारी सेवेतील शिक्षकाने निवडणुकीत उमेदवाराचा प्रतिनिधी म्हणून बसणे हा लोकप्रतिनिधित्व कायद्याखाली गुन्हा आहे, आणि तो असायलाच हवा. पूर्णतः सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देण्यास संविधानाचीच मनाई आहे. अत्याचारग्रस्त बालकाची ओळख उघड करणे तर कोणत्याही सबबीखाली क्षम्य नाही. वर्गातली मुले हे शिक्षकाच्या राजकीय मतांचे हक्काचे श्रोते नव्हेत.

पण गळके छत हे राजकीय मत नाही. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या अनुसूचीत सर्व ऋतूंत टिकणारी इमारत, मुलामुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृहे आणि पिण्याचे पाणी नमूद आहे. त्यातले काही नाही असे सांगणारा शिक्षक धोरणावर टीका करत नसतो, सरकारनेच केलेल्या कायद्याचा भंग नजरेस आणून देत असतो. विधान परिषदेतील शिक्षक मतदारसंघांत मतदानाचा हक्क माध्यमिक व त्यावरील शिक्षकांनाच आहे, म्हणजे प्राथमिक शिक्षकाला तेवढाही आवाज नाही, हेही येथे लक्षात घ्यावे.

अमेरिकेत मार्विन पिकरिंग या शिक्षकाने वृत्तपत्राला असेच एक पत्र लिहून, शाळा मंडळ शिक्षणाच्या तुलनेत खेळांवर पैसा कसा खर्च करते, हे मांडले होते. मंडळाने त्याला काढून टाकले. तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९६८ साली त्याच्या बाजूने निकाल दिला. शाळेचा पैसा कोठे जावा याची जाण शिक्षकांना असते, म्हणून सूडाच्या भीतीविना त्यांना बोलता आले पाहिजे, असे न्यायालयाचे म्हणणे होते. पुढे २००६ मध्ये त्याच न्यायालयाने, कर्तव्याचा भाग म्हणून केलेल्या विधानांना हे संरक्षण नाही, असे ठरवून हा हक्क बराच आकसला. तरीही नागरिक म्हणून सार्वजनिक प्रश्नावर बोलणे आणि नोकरीतली शिस्त यांचा तोल तेथे प्रत्येक प्रकरणी तपासला जातो.

आपल्याकडे निदान एवढे व्हावे: शाळेची इमारत, पाणी, रिक्त पदे, शिक्षणबाह्य कामे यांविषयीचे सत्य कथन म्हणजे प्रतिकूल टीका नव्हे, असे सामान्य प्रशासन विभागाने त्या निर्देशांत स्पष्ट शब्दांत लिहावे. आणि अशा मजकुराबद्दल नोटीस काढण्यापूर्वी संबंधित अधिकाऱ्याने स्वतः त्या वर्गात जाऊन छत पाहावे व तसा अहवाल नोटिशीला जोडावा.

आपला विश्वासू,
एक निवृत्त मुख्याध्यापक