मायक्रोवेव्ह दुरुस्त करणारा पत्त्यासह सापडावा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

घरातला मायक्रोवेव्ह बंद पडला की तो दुरुस्त करणारा शोधण्याची आपली रीत गेल्या काही वर्षांत पार बदलली आहे. पूर्वी ओळखीच्या दुकानदाराकडे चौकशी केली जाई. आता मोबाइलवर कंपनीचे नाव आणि ‘सर्व्हिस सेंटर’ एवढे टाकले की क्रमांकांची रांगच समोर येते, आणि त्यातला कोणता खरोखर कंपनीचा, कोणता मध्यस्थाचा आणि कोणता निव्वळ भामट्याचा, हे ओळखण्याचा सोपा मार्ग ग्राहकाच्या हाती नसतो. ‘अधिकृत’ हा शब्द तर सगळ्यांच्याच जाहिरातीत असतो. दुकानाचा पत्ता मात्र क्वचितच असतो.

आमच्या घरी नुकताच हा अनुभव आला. थाळी फिरत होती, दिवा लागत होता, पण अन्न गरम होत नव्हते. अशाच एका क्रमांकावरून आलेल्या गृहस्थांनी यंत्राचे झाकणही न उघडता ‘मॅग्नेट्रॉन गेला’, म्हणजे अन्न गरम करणाऱ्या लहरी निर्माण करणारा भाग बिघडला, असा निकाल दिला, नव्या ओव्हनच्या निम्म्याजवळ जाणारा खर्च सांगितला आणि तपासणीचे पैसे घेऊन, पावती न देताच ते निघून गेले. नंतर कोथरूडमध्येच एका लहान गाळ्यात काम करणाऱ्या कारागिरांकडे ओव्हन नेला. त्यांनी झाकण काढल्यावर सर्वप्रथम मुठीला रबर असलेल्या स्क्रूड्रायव्हरने कपॅसिटरची दोन टोके जोडून त्यातली साठलेली वीज उतरवली. मग डायोड, म्हणजे वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग, तपासताना मीटरच्या एका वायरीत नऊ व्होल्टची बॅटरी जोडली, कारण या डायोडमधून प्रवाह जाण्यास साध्या मीटरचा दाब पुरत नाही. प्रवाह एका दिशेने तरी जायला हवा होता; तो कोणत्याच दिशेने गेला नाही. बिघाड तेथेच होता आणि मॅग्नेट्रॉन ठणठणीत होता.

हे काम कोणत्याही वायरमनकडे सोपवावे, असे मात्र मी म्हणणार नाही. मायक्रोवेव्हच्या कपॅसिटरवर दोन हजार व्होल्टच्या आसपास दाब असतो आणि प्लग काढल्यानंतरही तो टिकून राहू शकतो. घरगुती उपकरणांत एवढे जिवावर बेतणारे दुसरे यंत्र क्वचितच असेल. दाराच्या खटक्यांचेही तसेच आहे. दार उघडताच लहरी थांबाव्यात म्हणून तेथे एकाहून अधिक स्विच असतात आणि त्यांनी वीज नीट तोडली नाही तर फ्यूज उडावा अशी योजना असते. फ्यूज पुन:पुन्हा उडत असेल आणि कारागीर केवळ फ्यूजच बदलत असेल, तर त्याला हे यंत्र समजलेले नाही असे खुशाल धरावे. म्हणूनच जवळचा आणि जाणकार, असा दोन्ही गुणांचा माणूस लागतो.

तो सापडत नाही याला कंपन्यांचे धोरणही कारणीभूत आहे. फ्यूज, खटके, डायोड, कपॅसिटर, थाळीची मोटर, ठिणग्या उडू लागल्यावर बदलायचा अभ्रकाचा पत्रा, इतकेच काय, बहुतेक वेळा मॅग्नेट्रॉनसुद्धा मिळताजुळता चालतो आणि पुण्यात तपकीर गल्लीच्या परिसरात किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवर त्याचा शोध घेता येतो. अडते ते बटणांच्या पॅनेलवर आणि सर्किट बोर्डावर. हे दोन भाग प्रत्येक मॉडेलचे वेगळे असतात, कंपन्या ते बाहेरच्या कारागिराला सहसा देत नाहीत, आणि मॉडेल जुने झाले की त्यांच्या स्वत:च्या केंद्रातही ‘भाग येत नाही, नवा घ्या’ असे उत्तर मिळते. चार बटणे दबत नाहीत म्हणून अख्खा ओव्हन भंगारात जातो. एका बाजूला ई-कचऱ्याच्या व्यवस्थापनाचे नवे नियम 1 एप्रिल 2023 पासून लागू झाले आणि दुसऱ्या बाजूला असा टाळता येणारा कचरा रोज तयार होतो, ही विसंगती ग्राहक म्हणून खटकते.

केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने 24 डिसेंबर 2022 रोजी, राष्ट्रीय ग्राहक दिनी, दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केले, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. मात्र त्याचा भर कंपन्यांनी दिलेल्या माहितीवर आहे. गल्लीतल्या कारागिराला त्यातून फारसे बळ मिळत नाही. आयटीआयमधून इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिकचा अभ्यासक्रम पूर्ण करून बाहेर पडणाऱ्या मुलांची नोंद सरकारकडे असतेच. त्यांपैकी जे स्वत:चे दुकान थाटतात, त्यांची प्रभागनिहाय यादी, दुकानाचा पत्ता आणि कोणती उपकरणे दुरुस्त करतात या तपशिलासह, महापालिकेने प्रसिद्ध करणे अवघड नाही. अनुभवाने शिकलेल्या जुन्या कारागिरांनाही छोटी परीक्षा घेऊन या यादीत सामावून घ्यावे, कारण आज हा धंदा बराचसा त्यांच्याच हातात आहे.

तोवर वाचकांनी दोन गोष्टींचा आग्रह जरूर धरावा. मॅग्नेट्रॉन गेल्याचे कोणी सांगितले तर प्रथम हमीपत्र काढून पाहावे. अनेक कंपन्या या भागावर उर्वरित यंत्रापेक्षा अधिक वर्षांची हमी देतात. आणि पावती मागावीच. पावती न देणे ही ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार अनुचित व्यापारी प्रथा ठरते आणि त्याबाबत 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते.

आपल्या वृत्तपत्राकडेही एक विनंती आहे. छोट्या जाहिरातींच्या पानावर घरगुती उपकरणांच्या दुरुस्तीच्या ज्या जाहिराती येतात, त्यांत केवळ मोबाइल क्रमांक न छापता दुकानाचा पत्ता आणि शॉप ॲक्टखालील नोंदणीचा किंवा सूचनेच्या पावतीचा क्रमांक देणे आपण बंधनकारक करावे. अशी अट घातल्याने काही जाहिराती कदाचित हातच्या जातील, पण ज्या कारागिराचे दुकान खरोखर आहे त्याला ही अट मुळीच जाचक वाटणार नाही.

आपला विश्वासू,
एक वाचक, कोथरूड, पुणे