आजी तुझ्या खोलीत येते आहे

पुणे, रविवार

चि. अमोघ यास अनेक आशीर्वाद.

आजीचं आईने फोनवर सांगितलंच आहे. खुब्याचं ऑपरेशन नीट झालं, वॉकर धरून चार पावलं टाकते. पण वाईच्या घराचे जिने आता तिला झेपायचे नाहीत. तिला इकडेच आणतो आहोत, आणि बाथरूमला लागून खोली एकच, तुझी. खाट बसते, पण तुझ्या कॉम्प्युटरच्या टेबलापाशी वॉकर वळत नाही. मी स्वतः दोनदा वॉकर घेऊन चालून पाहिलं. आपली जागा गेली असं मनात आणू नकोस. पुस्तकांचं कपाट जिथल्या तिथे राहील, आणि तू आलास की आपण दोघं हॉलमध्ये गाद्या टाकू.

कॉम्प्युटर विकावा असं मला वाटतं. पण तुझ्या होकाराशिवाय त्यातलं अक्षरही पुसणार नाही, म्हणून हे पत्र.

गुरुवारी तो चालू केला तर निळा पडदा आला आणि बिटलॉकरची, म्हणजे विंडोजच्या डिस्कला लावायच्या कुलपाची, ४८ आकडी रिकव्हरी की मागू लागला. डिस्क तू एन्क्रिप्ट केली होतीस, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येऊ नये अशी सांकेतिक करून ठेवली होतीस, हे मला ठाऊक नव्हतं. इतके दिवस बंद राहून मदरबोर्डवरचा गोल सेल संपला होता, बायोसची, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रॅमची, सेटिंगं पुसली गेली होती, आणि कुणी परक्याने हात घातला असं समजून त्याने दार लावून घेतलं. दुरुस्तीवाला म्हणाला, "काका, सरळ फॉरमॅट मारू." मी नको म्हटलं. चार वर्षांचं तुझं काम आत होतं.

की तुझ्या तिसऱ्या वर्षाच्या वहीत सापडली, मागच्या पुठ्ठ्याच्या आत, सहा-सहा आकड्यांचे आठ गट. पाचवा गट मशीन घेईना. तुझा १ आणि ७ सारखाच दिसतो, लहानपणापासून. मग वाचनात आलं की यातल्या प्रत्येक गटाला ११ ने पूर्ण भाग जातो, चुकीचा आकडा तिथल्या तिथे पकडता यावा म्हणून. पेन्सिल घेऊन बसलो. १ धरला तर बाकी उरली, ७ धरला तर भाग नि:शेष गेला. बँकेत कॅश जुळल्यावर जे वाटायचं ते फार दिवसांनी वाटलं. (गट इथे लिहीत नाही, आणि ते पान मी पाकिटात बंद केलं आहे.)

आत राजगडावरचा तुम्हा चौघांचा फोटो समोर होता, तेवढाच पाहिला. एकही फोल्डर उघडलं नाही. सगळं जसंच्या तसं बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवलं. ती प्रत मात्र एन्क्रिप्ट नाही, त्यामुळे ती लोखंडी कपाटात कुलपात आहे. काय हवं, काय नको, ते तूच ठरव.

नुसतं डिलीट करणं किंवा साधा फॉरमॅट म्हणजे लेजरची अनुक्रमणिका फाडण्यासारखं. पानं मागे राहतात. तू डिस्क एन्क्रिप्ट केलीस हे फार शहाणपणाचं झालं. पानंच सांकेतिक लिपीत आहेत, किल्ली नष्ट झाली की ती कुणालाच वाचता यायची नाहीत. तरी विंडोज रीसेट करताना "सगळं काढा" आणि सोबत ड्राइव्ह साफ करायचा पर्याय, असे दोन्ही निवडणार आहे. तास लागले तर लागू देत. विक्री झाली की तुझ्या मायक्रोसॉफ्ट खात्यातून हे मशीन तू काढून टाक, त्याआधी नको. आणि पासवर्ड व्हॉट्सॲपवर मला पाठवू नकोस, त्याची गरज नाही.

तापकीर गल्लीत ६,००० रुपये सांगितले. आपल्या वॉचमनची मुलगी डिप्लोमाला आहे, तिला मॉनिटरसकट ४,००० ला द्यावा असं माझ्या आणि आईच्या मनात आहे. तिला स्पष्ट सांगितलं की प्रोसेसर सहाव्या पिढीचा आहे, त्यावर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही, आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. ती म्हणाली, विंडोजऐवजी लिनक्स टाकते. सेल मी नवा बसवून दिला आहे.

आजीची खाट पुढच्या सोमवारी येते. शनिवारपर्यंत कळव. टेबलाच्या खणात तुझा जुना चष्मा आणि कॉलेजचं आयकार्ड सापडलं, तेही त्या पाकिटात ठेवतो.

तुझे बाबा